खुर्चीत बसण्याआधी

बातम्यांचा अँकर व्हायला काय लागतं, या प्रश्नाला आमच्या व्यवसायात ठरलेलं उत्तर आहे: आवाज, चेहरा, उच्चार आणि कॅमेऱ्यासमोर न बुजणं. अँकरिंगचे वर्ग याच चार गोष्टींची फी घेतात, ऑडिशनमध्ये याच पाहिल्या जातात, आणि त्या लागतात हेही खरं. पण न्यूजरूममध्ये काम करता करता माझं मत यापासून दूर सरकत गेलं. या चार गोष्टींवर खुर्ची मिळते. खुर्चीत बसल्यावर जे उपयोगी पडतं ते बहुतेक स्टुडिओच्या बाहेर, आणि बरंचसं खुर्ची मिळण्याआधीच कमावलेलं असतं. म्हणून एखाद्या अँकरची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर त्याच्या प्राइम टाइमच्या वर्षांपेक्षा त्याआधीची वर्षं बघावीत. तो डेस्कवर किती काळ राबला, कुठल्या जिल्ह्यात वणवण केली, रेडिओवर होता की वर्तमानपत्रात की नाटकात. परिचय करून देताना हा भाग दोन वाक्यांत उरकतात आणि मग पुरस्कारांकडे वळतात. माझ्या मते उलट करायला हवं.

साध्या दिवशी हा फरक दिसत नाही. रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लागलेला असतो, आउटपुट डेस्कने लिहिलेला मजकूर टेलिप्रॉम्प्टरवर सरकत असतो, कानातल्या इअरपीसमधून पीसीआरमधला, म्हणजे नियंत्रण कक्षातला, प्रोड्यूसर पुढची बातमी सांगत असतो. नीट वाचता येणारा कुणीही अर्ध्या तासाचं बुलेटिन निभावून नेतो. रनडाऊन कोसळतो तेव्हा खरं काय ते कळतं. 23 नोव्हेंबर 2019 ची सकाळ घ्या. मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याच्या बातम्या घेऊन वर्तमानपत्रं घरोघरी पडत होती आणि तिकडे राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची, अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते. राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली होती. सकाळची शिफ्ट साधारणपणे नव्या किंवा कनिष्ठ अँकरच्या वाट्याला येते; संध्याकाळची मोठी नावं त्या वेळी घरी असतात. प्रॉम्प्टरवर तर आदल्या रात्रीचं, एका क्षणात शिळं झालेलं राजकारण होतं. अशा वेळी प्रेक्षकाच्या मनात आलेले प्रश्न आवाजाच्या जोरावर सुटत नाहीत. मंत्रिमंडळाची बैठक न होता राजवट उठते कशी? (पंतप्रधानांना तसा अधिकार देणारा कामकाज नियमावलीतला नियम 12 तेव्हा वापरला गेला.) विधिमंडळ गटनेत्याकडे असलेलं आमदारांच्या सह्यांचं पत्र पाठिंब्याचं पत्र म्हणून चालतं का? पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट कुठे लागू होतं आणि कुठे नाही? एखादं अधिवेशन विधानभवनाच्या गॅलरीत बसून काढलेल्या माणसाला यातले निदान दोन प्रश्न तरी स्वतःहून सुचतात, आणि उत्तर येत नसेल तर कुणाला फोनवर घ्यायचं हे ठाऊक असतं. बाकीच्यांकडे ‘राजकीय भूकंप’ हा शब्द उरतो. तो किती वेळ पुरणार?

याच्या उलटा प्रसंग म्हणजे घडत काहीच नसताना बोलत राहणं. 14 नोव्हेंबर 2012 च्या रात्रीपासून बाळासाहेब ठाकरे यांची प्रकृती गंभीर असल्याचं सगळ्या राज्याला कळलं होतं. मातोश्रीबाहेर गर्दी वाढत होती, ओबी व्हॅनची रांग लागली होती, आणि 17 तारखेच्या दुपारी डॉ. जलील पारकर यांनी बाहेर येऊन निधनाची घोषणा करेपर्यंत पक्कं म्हणावं असं फार थोडं हाती होतं. त्या दिवसांत स्टुडिओतल्या माणसाने एक चुकीचं क्रियापद वापरलं असतं, ‘आहेत’च्या जागी ‘होते’ आलं असतं, तर मुंबईत काय घडलं असतं याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. तासन्‌तास बोलायचं, ऐकणाऱ्याला घाबरवायचं नाही, खोटा दिलासाही द्यायचा नाही, आणि जे कळलेलं नाही ते कळलेलं नाही असं दर वेळी तितक्याच सरळपणे सांगायचं. हे काम टेलिव्हिजनमधलं सर्वांत अवघड काम आहे असं मला वाटतं, आणि त्याला बक्षीस मिळाल्याचं मी कधी ऐकलं नाही. ‘अजून दुजोरा मिळालेला नाही’ हे वाक्य म्हणायला धीर लागतो. ज्याने कधी स्वतः बातमीला दुजोरा मिळवण्यासाठी पोलीस ठाण्यात, सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात किंवा तहसील कचेरीत ताटकळत वेळ काढलाय, त्याला दुजोरा ही काय चीज आहे ते माहीत असतं. ज्याने बातमी फक्त खालच्या पट्टीवर वाचलीय, त्याला दुजोरा हा प्रोड्यूसरचा एक शब्द वाटतो.

याहून बारीक गोष्ट सांगायची तर गावांची नावं. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. कारंजा लाड वाशीममध्ये, कारंजा घाडगे वर्ध्यात. मालेगाव म्हटलं की सगळ्यांना नाशिक जिल्ह्यातलं आठवतं, पण वाशीम जिल्ह्यातही एक मालेगाव आहे, तालुक्याचं ठिकाण. ‘मालेगावात तणाव’ अशी ओळ घाईघाईत स्क्रीनवर आली आणि अँकरने ती नाशिकच्या मालेगावला जोडून, 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांची आठवण काढत बोलायला सुरुवात केली, तर त्या शहराचं काय होईल? असाइनमेंट डेस्कवर बसून जिल्ह्याजिल्ह्यातल्या स्ट्रिंगरचे फोन घेतलेला माणूस अशा ठिकाणी आपोआप थांबतो. एटापल्ली, अक्कलकुवा, हातकणंगले ही नावं तो नुसती शुद्ध उच्चारत नाही, तिथून बातमी यायला किती वेळ लागतो हेही त्याला माहीत असतं. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं आणि ते बाहेरच्या जगाला कळलं एका एसटी चालकामुळे. त्याला नेहमीचं गाव जागेवर दिसलं नाही. अशा ठिकाणची पहिली बातमी अपुरीच असणार आणि पहिला आकडा चुकणारच. हे ज्याला मुळातून उमगलंय तो पहिल्या आकड्यावर ओरडत नाही.

जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरणही हेच सांगतं. 22 नोव्हेंबर 1963 ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना गोळ्या लागल्या तेव्हा सीबीएसवर वॉल्टर क्रॉन्काइट होते. मृत्यूच्या बातम्या डॅलसहून येऊ लागल्या होत्या, त्यांच्याच वाहिनीच्या माणसांकडूनही येत होत्या. त्यांनी त्या लपवल्या नाहीत. कुणाकडून आल्या ते सांगितलं आणि अधिकृत नाहीत हेही सांगितलं. अधिकृत फ्लॅश हातात पडल्यावरच त्यांनी घोषणा केली, घड्याळाकडे पाहून वेळ सांगितली. त्या वेळी त्यांनी चष्मा काढला, आवंढा गिळला, त्याचीच आठवण लोक काढतात. मला मात्र त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. क्रॉन्काइट हे युनायटेड प्रेसचे बातमीदार होते, दुसऱ्या महायुद्धाचं वार्तांकन त्यांनी केलं होतं, विद्यापीठाचं शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं होतं. वृत्तसंस्थेत प्रत्येक ओळीला स्रोत जोडायची जी सवय लागते ती त्या दुपारी कामाला आली. सीबीएसचं संध्याकाळचं बुलेटिन पंधरा मिनिटांवरून तीस मिनिटांचं होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, म्हणजे त्या खुर्चीच्या परंपरेने त्यांना काही शिकवलं होतं असं म्हणायला जागा नाही.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा अँकरिंग शिकवणारं कुणी नव्हतंच, त्यामुळे माणसं इतर क्षेत्रांतून उचलावी लागली. डॉ. विश्वास मेहेंदळे आकाशवाणीचं काम आणि रंगभूमी दोन्ही जाणणारे. अनंत भावे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे कवी. भक्ती बर्वे आकाशवाणीवर आणि नाटकात घडलेल्या. उच्चारांवरच बेतलेल्या ‘ती फुलराणी’ची नायिका बातम्या वाचत होती, हा योगायोग मला आजही गमतीचा वाटतो. स्मिता पाटील तिथूनच श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरल्या. प्रदीप भिडे पत्रकारिता शिकून आले आणि दूरदर्शनबरोबरच जाहिराती व माहितीपटांना आवाज देत राहिले. या मंडळींपैकी अनेकांना बातम्या वाचणं हे पोटाचं एकमेव साधन नव्हतं. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बुलेटिनागणिक मानधन घेऊन वाचणाऱ्यांची पद्धत आहेच. म्हणजे कॅमेऱ्यासमोरून उठल्यावर त्यांना दुसरं काम होतं, दुसरी ओळख होती. मला यात मोठं बळ दिसतं. ज्याची सगळी ओळख खुर्चीवर टांगलेली आहे तो खुर्ची सोडायला आणि म्हणून कुणाला नाही म्हणायला घाबरतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. दूरदर्शन सरकारी होतं. ते वाचक दिलेला कागद वाचत होते. त्यांच्या संयमाचं कौतुक हे गेलेल्या काळाचे गोडवे गाणं झालं. 31 ऑक्टोबर 1984 चा दाखला इथे देता येतो. इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, परदेशी रेडिओने दिवसा सांगितलं, आणि आपल्या आकाशवाणी-दूरदर्शनवरून मृत्यूची बातमी संध्याकाळी आली. ती सांगणाऱ्या सलमा सुलतान 1967 पासून वाचत असलेल्या अनुभवी निवेदिका होत्या, त्यांच्या आवाजात काही कमी नव्हतं. पण दिवसभराची शांतता हा त्यांचा निर्णय नव्हता. त्या गप्प बसण्याला मी संयम म्हणणार नाही. कळलेलं असून न सांगणं वेगळं आणि न कळलेलं सांगायला नकार देणं वेगळं. पहिलं हुकुमाने होतं, दुसऱ्याला स्वतःचा अभ्यास लागतो. दूरदर्शनच्या वाचकांना दुसऱ्याची संधीच फारशी मिळाली नाही. ती मिळाली खासगी वाहिन्यांच्या अँकरना, आणि नेमकं तेव्हा भरतीचे निकष बदलले, ही माझी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. पार्श्वभूमीचं माहात्म्य सांगायचं म्हणजे आडनावांचं आणि पुण्या-मुंबईच्या मराठीचं माहात्म्य सांगायचं, असं कुणी म्हणालं तर मला ते झटकून टाकता येणार नाही. जुन्या वृत्तनिवेदकांची यादी डोळ्यांसमोर आणली की ती एका छोट्या सामाजिक वर्तुळातून आलेली दिसते. पडद्यावर चालणारी मराठी म्हणजे त्या वर्तुळाच्या घरातली मराठी, असा समज पक्का झाला. खासगी वाहिन्यांनी हे कवाड बऱ्याच प्रमाणात उघडलं. 2000 साली ई टीव्ही मराठी आलं, त्याच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जात आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतली मुलंमुली तिथे जाऊन हे काम शिकली. पुढे 2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा, 2008 मध्ये आयबीएन लोकमत आलं, मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली माणसं न्यूजरूममध्ये दिसू लागली. मला अभिप्रेत असलेली पार्श्वभूमी हीच आहे. तीन शिरूर कुठे कुठे आहेत हे त्यांना गुगल न करता माहीत असतं. खेदाची गोष्ट अशी की त्यांच्याकडून पहिल्यांदा काय घालवून घेतलं जातं, तर बोलण्यातला गावचा हेल. आणि एवढं करूनही रात्री नऊची खुर्ची त्यांच्याकडे क्वचित जाते. बायकांच्या बाबतीत तर आणखी एक अट असते, वयाची, आणि ती कुठेच लिहिलेली नसते. पुरुष अँकरच्या पांढऱ्या केसांना अनुभव म्हणतात. बाईच्या केसांत चंदेरी दिसली की तिच्यासाठी डेस्कवर ‘महत्त्वाची जबाबदारी’ तयार होते. म्हणजे अनुभव साठला की तो पडद्यावरून काढून घ्यायचा, अशी आमची रीत.

तिसरा आक्षेप व्यवसायातलेच लोक घेतात: अँकर काही ठरवत नाही, टीआरपी ठरवतो. गुरुवारी आकडे येतात, त्यावरून पुढच्या आठवड्याचा स्वर लागतो. यात तथ्य आहे, पण एक पुरावा या मताच्या विरोधात जातो. ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपी मोजणाऱ्या बार्कने वृत्तवाहिन्यांचे आठवड्याचे आकडे थांबवले आणि ते परत सुरू झाले मार्च 2022 मध्ये. वर्षाहून अधिक काळ हा चाबूक बाजूला ठेवलेला होता. त्या काळात पडद्यावरचा आरडाओरडा कमी झाला असं मला तरी दिसलं नाही. तोवर तो सवयीचा भाग झाला होता. अनेकांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने तास भरता येतो हेच माहीत नव्हतं. कायद्याचंही तसंच. 26/11 च्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 च्या कसाब निकालात कठोर शब्दांत बोट ठेवलं, आणि 2015 मध्ये केबल टीव्ही नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. कॅमेरा नियमाने थांबवता आला. पण हल्ला चालू असताना स्टुडिओतला माणूस कुठला तर्क बोलून दाखवतो, पाहुण्याच्या कुठल्या वाक्याला अडवतो, हे कोणता नियम ठरवणार? सप्टेंबर 2022 मध्ये द्वेषमूलक भाषणांच्या खटल्यात न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. हृषीकेश रॉय यांच्या खंडपीठाने अँकरच्या भूमिकेवरच बोट ठेवलं, ते उगाच नव्हे. इअरपीसमधून आलेली सूचना आणि तोंडातून बाहेर पडलेलं वाक्य यांच्यात एक-दोन सेकंद असतात. मालक, संपादक, प्रोड्यूसर कुणीही त्या सेकंदांत हजर नसतो.

तरीही मला सर्वांत अडचणीचा वाटणारा आक्षेप चौथा आहे. आज देशात सर्वांत जास्त ओरडणाऱ्या अँकरांपैकी कित्येक जण एकेकाळी चांगले बातमीदार होते. त्यांनी दंगली पाहिल्यात, निवडणुका पायी फिरून कव्हर केल्यात. पार्श्वभूमी होती, मग तिने त्यांना का वाचवलं नाही? याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याजवळ आहे असा दावा मी करत नाही, पण एक गोष्ट मला जवळून दिसते. ही पुंजी खर्च होते. बाहेर जाणं थांबलं की पाच-सात वर्षांत ती संपते आणि मग फक्त तिची कीर्ती शिल्लक राहते. मोठा अँकर दुपारी येतो, मेकअपला बसतो, पाहुण्यांची यादी बघतो, रात्री निघतो. त्याला भेटणारी माणसं म्हणजे नेते, प्रवक्ते आणि सहकारी. एसटी स्टँडवर तो वर्षानुवर्षं गेलेला नसतो. म्हणून ‘आधी काय केलं’ इतकाच ‘अजून करतो का’ हाही प्रश्न विचारायला हवा. रवीश कुमार यांच्याकडे ‘रवीश की रिपोर्ट’सारखा रस्त्यावरचा कार्यक्रम होता, नंतर प्राइम टाइममध्येही नोकरभरती, विद्यापीठं, रखडलेले निकाल असे विषय बाहेरून आत येत राहिले, त्यांच्या मतांशी कुणी सहमत असो वा नसो, त्यांच्या बोलण्यात तपशील असायचा तो याच मार्गाने आला. निखिल वागळे ‘आपलं महानगर’ हे सायंदैनिक चालवून टीव्हीवर आले आणि चर्चेत वर्तमानपत्राच्या संपादकासारखेच अडून बसत. ती शैली मला नेहमीच पटत होती असं नाही. पण समोरचा नेता मागच्या वर्षी काय बोलला होता हे प्रॉम्प्टरने सांगावं लागत नव्हतं.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे अँकर आलेत. 2023 मध्ये आज तकची सना आणि ओडिशा टीव्हीची लिसा, मे 2024 मध्ये डीडी किसानवर क्रिश आणि भूमी. उच्चार स्वच्छ, चेहरा नीटनेटका, थकवा नाही, सुट्टी नाही, अनेक भाषा येतात. आमच्यातले बरेच जण यामुळे धास्तावले आहेत. ती भीती कुणाची आहे ते मात्र बघायला हवं. ऑडिशनच्या त्या चारही गोष्टी यंत्राला जमू लागल्या, म्हणजे ज्यांच्यापाशी त्या चारच आहेत त्यांची जागा खरोखर धोक्यात आहे. बाजारभाव आणि हवामान वाचायला यंत्र पुरेल, आणि पुरावंही. 23 नोव्हेंबरच्या सकाळी पहिला प्रश्न काय विचारायचा हे ज्याला कळतं त्याला सध्या तरी पर्याय दिसत नाही.

मग अशी माणसं येतात कुठून, तर जिल्हा प्रतिनिधींमधून, डेस्कवरच्या रात्रपाळीतून, आकाशवाणीच्या केंद्रांमधून, छोट्या वर्तमानपत्रांतून. नेमक्या याच जागा वाहिन्या कमी करत आहेत. अनेक ठिकाणी जिल्ह्याचा पगारी बातमीदार जाऊन बातमीगणिक पैसे घेणारा स्ट्रिंगर आला, आणि तो एकाच वेळी दोन-तीन वाहिन्यांचे माईक घेऊन फिरतो, कारण एकाच्या पैशांत घर चालत नाही. नव्या अँकरला वर्षातले काही आठवडे डेस्कवर आणि काही जिल्ह्यात काढायला लावावेत, असं सुचवलं की ‘त्या आठवड्यांत स्क्रीन कोण सांभाळणार’ हा प्रश्न येतो. उत्तर सोपं आहे, त्या आठवड्यांत जिल्ह्यातल्या बातमीदाराला खुर्चीत बसवा. तो अडखळेल, प्रॉम्प्टर त्याच्या पुढे पळेल, टायची गाठ वाकडी असेल. मालेगाव म्हटल्यावर मात्र तो आधी विचारेल, कुठलं?